सर्वांत शेवटी निघालेला उंट

११ मे २०१०, सोफिया. विश्वनाथन आनंद आणि व्हेसेलिन तोपालोव यांच्या जगज्जेतेपदाच्या लढतीतला बारावा, म्हणजे शेवटचा डाव. अठरा चाली झाल्या आहेत. काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या आनंदचे दोन्ही घोडे पटावरून गेलेत, काळ्या घरांवरचा उंटही गेलाय. राजाने किल्लेकोट केलाय, म्हणजे हत्तीसोबत एकाच चालीत हलून तो कडेला सुरक्षित गेलाय. वजीर ई७ वर आहे (घराचं नाव म्हणजे उभ्या रांगेचं अक्षर, ए ते एच, आणि आडव्या रांगेचा आकडा, पांढऱ्याच्या बाजूने मोजलेला), हत्ती आपापल्या जागा धरून आहेत. फक्त सी८ वरचा उंट पट मांडताना जिथे ठेवला तिथेच उभा आहे. अठरा चालींत त्याने एकदाही घर सोडलेलं नाही.

या डावाबद्दल बोलताना बहुतेक जण शेवटच्या हल्ल्याबद्दल बोलतात. तो सुंदर आहेच. पण मला हा डाव त्या उंटाचा वाटतो. तो का अडकला होता, त्याच्यासाठी जागा कशी मोकळी झाली आणि त्याचा रस्ता नेमका कुणी उघडला, एवढं नीट पाहिलं की सगळा डाव हातात येतो. त्यासाठी ओपनिंगपासून, म्हणजे डावाच्या पहिल्या ठरीव चालींपासून सुरुवात करायला हवी.

क्वीन्स गॅम्बिट म्हणजे पांढऱ्याने डी४ आणि सी४ खेळून सी प्यादं देऊ करणं. तो नाकारायचा म्हणजे डी४ ला डी५ आणि सी४ ला ई६ असं उत्तर द्यायचं. या ई६ ने डी५च्या प्याद्याला भक्कम आधार मिळतो. त्याची किंमत मात्र सी८चा उंट मोजतो. ई६चं प्यादं त्याच्या बाहेर पडायच्या वाटेवरच बसतं. पांढऱ्या घरांवरचा हा उंट या ओपनिंगचं जुनं दुखणं आहे आणि काळ्याने शोधलेले बहुतेक बचाव हे त्यावरचेच इलाज आहेत. स्लाव बचावात ई६ ऐवजी सी६ खेळतात, कारण मग उंटाची वाट खुली राहते. तार्ताकोवर बचावात बी६ करून त्याला बी७ वरून बाहेर काढतात. लास्कर बचावाचा इलाज वेगळा आहे: उंटाला सध्या हातच लावायचा नाही, आधी भोवतालची गर्दी कमी करायची.

एमॅन्युएल लास्कर १८९४ ते १९२१ अशी सत्तावीस वर्षं जगज्जेता होता. त्याच्या नावाच्या या बचावामागचा विचार अगदी घरगुती आहे. घर लहान असेल तर सामान कमी करावं. काळ्याकडे जागा कमी आहे, मोहरी एकमेकांच्या पायात येतात, तर एक-दोन जोड्या मारामारीत काढून टाकल्या की उरलेल्यांना श्वास घेता येतो. ते घडवून आणणारी चाल म्हणजे सातवी: एफ६ वरचा घोडा थेट ई४ वर.

आनंद आणि तोपालोव यांच्या डावात क्रम असा होता. डी४ डी५, सी४ ई६, पांढरा घोडा एफ३ आणि काळा घोडा एफ६, पांढऱ्याचा दुसरा घोडा सी३ आणि काळ्याचा उंट ई७. मग पांढऱ्याने उंट जी५ वर आणला, काळ्याने एच६ करून त्याला विचारलं, मारतोस की मागे जातोस, तो एच४ वर सरकला आणि काळ्याने किल्लेकोट केला. सातव्या चालीला पांढऱ्याने ई३ केलं आणि घोडा ई४ वर आला.

घोडा हलताच ई७ आणि एच४ चे उंट समोरासमोर येतात. पांढरा उंट जी३ वर मागे गेला तर घोडा त्याला तिथे मारू शकतो. म्हणून पांढरा बहुधा ई७ वर मारतो आणि वजीर परत मारतो. एक जोडी गेली. घोडा अजून सी३च्या घोड्याला भिडलेलाच आहे, म्हणजे दुसरी जोडीही जाणार.

यात आधीच्या एच६चं काम समजून घेण्यासारखं आहे. हे प्यादं एच७ वरच राहिलं असतं, तर पांढऱ्याचा उंट डी३ वर आणि वजीर सी२ वर आल्यावर त्याच्याकडे लक्ष ठेवत बसावं लागलं असतं. एच६ केल्यावर ती कटकट संपते आणि राजाला एच७चं घरही मिळतं. डावाच्या एक्केचाळिसाव्या चालीला घोड्याचा शह बसल्यावर राजा नेमका तिथेच गेला.

हा बचाव खेळायला बसणाऱ्याने दोन-तीन जागा पक्क्या ध्यानात ठेवाव्यात. नवव्या चालीला पांढऱ्याने ई४ वरचा घोडा मारला तर डी५च्या प्याद्याने परत मारायचं. एफ३च्या घोड्यावर लगेच हल्ला होतो, तो डी२ वर जाऊन ई४च्या प्याद्याकडे बघतो, तेव्हा एफ५ करून त्याला आधार द्यायचा. पांढऱ्याने आधी सी४ ने डी५ वर मारलं तर काळ्याने सी३चा घोडा मारायचा, पांढऱ्याने बी प्याद्याने परत मारल्यावर ई६ ने डी५ घ्यायचं, आणि वजीर बी३ वर आला की एफ८चा हत्ती डी८ वर आणून डी५ राखायचं. ई६चं प्यादं डी५ वर गेल्यामुळे या प्रकारात आपल्या उंटाचा दरवाजा आपोआप उघडतो.

तिसरी जागा सर्वांत धोक्याची. पांढऱ्याने नववी चाल हत्ती सी१ अशी केली, काळ्याने सी६ करून डी५ भक्कम केलं, पांढऱ्याने उंट ई२ वर आणला. आता काळ्याला दोन गोष्टी करायच्या आहेत: सी३चा घोडा मारायचा आणि सी४चं प्यादं मारायचं. क्रम चुकला तर डाव तिथेच संपतो. आधी सी४ मारलं की ई४च्या घोड्याला आधार देणारं डी५चं प्यादं जागेवरून गेलेलं असतं, पांढरा सी३च्या घोड्याने तो उचलतो आणि एक मोहरा फुकट जातो. म्हणून आधी घोड्याने घोडा, पांढऱ्याचा हत्ती सी३ वर परत मारतो, आणि मगच डी५ ने सी४. दोन्ही चाली डोक्यात असतात, हात आधी सोप्या चालीकडे जातो, आणि घात होतो.

पांढऱ्याचा उंट दहाव्या चालीला ई२ वर आणला काय किंवा डी३ वर, बाराव्या चालीला त्याला सी४ वर मारावंच लागतं, त्यामुळे दोन्ही वाटा एकाच स्थितीत येऊन मिळतात.

इथून पुढे काळ्याचं खरं काम सुरू होतं. मोहरी कमी झाली, पण उंट अजून कोंडलेलाच आहे. बी८चा घोडा डी७ वर येतो आणि मग ई५ किंवा सी५ यापैकी एक ढकल करावीच लागते. ती केली नाही आणि नुसतं सांभाळत बसलं तर मधली फळी पांढऱ्याच्या ताब्यात जाते. लास्कर बचावात हरलेले डाव पाहिले तर ही चालढकल पुन्हा पुन्हा दिसते. मोहरी मारल्यामुळे आता बरोबरी झाली अशी समजूत होते. बरोबरी त्या ढकलीनंतर होते.

आनंदने तेराव्या चालीला बी६ आणि चौदाव्या चालीला सी५ केलं. पंधराव्या चालीला तोपालोवने उंट डी३ वरून ई४ वर आणला. या चालीशी जरा थांबायला हवं. ए८ पासून एच१ पर्यंत जाणारा लांब कर्ण एव्हाना मोकळा झालाय आणि त्यावर पहिल्यांदा बसला तो पांढऱ्याचा उंट. त्याचा मारा थेट ए८च्या हत्तीवर. हत्ती बी८ वर सरकला, पांढऱ्याने वजीर सी२ वर आणला, आणि आनंदने घोडा एफ६ वर आणून उंटाला विचारलं. तोपालोवने उंट मागे घेतला नाही. त्याने सी५ वर मारलं, घोड्याने ई४ वर उंट मारला, वजिराने घोडा मारला, बी प्याद्याने सी५ परत घेतलं.

हिशोब असा झाला. काळ्याची ए७ आणि सी५ ही दोन्ही प्यादी एकटी पडली, त्यांच्या शेजारी आधाराला कुणी नाही. प्याद्यांच्या रचनेत पांढरा थोडा वरचढ. पण पांढऱ्या घरांवरचा त्याचा उंट पटावरून गेला आणि काळ्याचा राहिला. त्या लांब कर्णावर अडवणारा जोडीदार आता उरलेला नाही. एकोणिसाव्या चालीला वजीर सी२ वर मागे गेला आणि सी८चा उंट पहिल्यांदा हलला. बी७ वर. ज्या कर्णावर आधी पांढऱ्याचा उंट बसला होता, त्याच कर्णावर.

लढतीचा संदर्भ इथे लागतो. अकरा डावांनंतर गुण साडेपाच-साडेपाच होते. आइसलँडमधल्या ज्वालामुखीच्या राखेने युरोपातली विमानं जमिनीवर बसली तेव्हा आनंद फ्रँकफर्टमध्ये अडकला आणि सुमारे चाळीस तास रस्त्याने प्रवास करून सोफियाला पोचला. लढत एक दिवस उशिरा, २४ एप्रिलला सुरू झाली. पहिल्याच डावात ग्रुनफेल्ड बचाव खेळून तो हरला. दुसरा आणि चौथा डाव पांढऱ्या मोहऱ्यांनी कॅटलन ओपनिंग खेळून जिंकला, आठवा डाव विरुद्ध रंगांच्या उंटांच्या एंडगेममध्ये, म्हणजे थोडीच मोहरी उरलेल्या शेवटच्या टप्प्यात गमावला. काळ्या मोहऱ्यांनी तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या डावात स्लाव खेळला, दहाव्यात पुन्हा ग्रुनफेल्ड. त्या स्लावमध्ये पांढऱ्या घरांवरचा उंट पाचव्याच चालीला एफ५ वर बाहेर पडतो. बाराव्या डावात तोच उंट एकोणिसाव्या चालीपर्यंत थांबला.

बरोबरी झाली असती तर जलद डावांवर निकाल लागला असता, आणि जलद बुद्धिबळात आनंदशी गाठ नको असं कुणालाही वाटलं असतं. तोपालोवने आपण बरोबरीचा प्रस्ताव मांडणार नाही हे आधीच जाहीर केलं होतं. अशा दिवशी काळ्या मोहऱ्यांनी लास्कर बचाव निवडणं यात मला मोठं धाडस दिसतं. लोक याला कोरडी ओपनिंग म्हणतात. पण स्थिती कोरडी ठेवली की जिंकायची घाई ज्याला आहे त्यालाच आधी काहीतरी उघडावं लागतं.

विसाव्या चालीनंतरची स्थिती पटावर मांडावी आणि बघत बसावं. पांढऱ्याचा राजा जी१, वजीर सी२, हत्ती सी३ आणि एफ१, घोडा डी२, प्यादी ए२, बी२, ई३, एफ२, जी२, एच२. काळ्याचा राजा जी८, वजीर ई७, हत्ती बी८ आणि डी८, उंट बी७, प्यादी ए७, सी५, ई६, एफ७, जी७, एच६. धोका कुठेच दिसत नाही. तोपालोवने एफ३ केलं आणि उंटाच्या तोंडावर दार लावलं. उंट ए६ वर गेला, एफ१च्या हत्तीवर हल्ला, हत्ती एफ२ वर. मग पांढऱ्याने जी३ आणि राजा जी२ असं खेळून घर आवरलं. दिसायला नीटनेटकं. पण राजा आता नेमका ए८-एच१ कर्णावर आहे आणि त्याच्या आणि उंटाच्या मध्ये एफ३चं एकच प्यादं आहे. माझ्या मते पुढच्या सगळ्या त्रासाचं बी इथे पडलं. एफ३ जोवर जागेवर आहे तोवर काही होत नाही. अट एवढीच की ते कधी हलता कामा नये.

उंट डी३ वर येऊन वजिराला सी१ वर हाकलून परत ए६ वर गेला. पांढऱ्याचा हत्ती ए३ वर आला तेव्हा बी७ वर सरला. पांढऱ्याचा घोडा बी३ वरून ए५ वर आला आणि उंटाला पुन्हा हलावं लागलं. अठ्ठाविसाव्या चालीला तो ए८ वर, अगदी कोपऱ्यात जाऊन बसला. कोपऱ्यातला उंट म्हणजे अडगळ असं वाटणं साहजिक आहे. पण कर्ण तोच आहे, फक्त टोक बदललंय, आणि इथे त्याला हात लावू शकेल असं एकही मोहरं पांढऱ्याकडे नाही. तो ए८ वर गेला तो पुढच्या सतरा चाली हलला नाही.

घोडा सी४ वर परत आल्यावर आनंदने ई५ केलं. तोपालोवने ई४ करून कर्णावर दुसरं कुलूप लावलं: आता ई४ आणि एफ३ अशी दोन प्यादी उंटाच्या वाटेत. तिसाव्या चालीला आनंदने एफ५ केलं. या प्याद्याला आधार आहे की नाही हा प्रश्नच नव्हता, कुलूप तोडायचं होतं. तोपालोवने एफ५ वर मारलं. ई४ वरून प्यादं निघून गेलं, एक कुलूप गळून पडलं. लगेच काळ्याचं ई५चं प्यादं ई४ वर गेलं आणि एफ३ला भिडलं.

बत्तिसावी चाल. पांढऱ्याने हत्ती ए३ वरून ई३ वर आणला असता तर त्रास झाला असता, पण लढत बाकी राहिली असती. तोपालोवने एफ३च्या प्याद्याने ई४ घेतलं. दोन चालींत दोन प्यादी पदरात, आणि दुसरं कुलूप त्याने स्वतःच काढून दिलं. काळ्याच्या वजिराने ई४ वर मारून शह दिला. वजिराच्या मागे त्याच कर्णावर, पार टोकाला, उंट.

आता जी२ वरच्या राजाच्या वाटा मोजून बघाव्यात. जी१ वर गेला तर वजीर एच१ वर येऊन मात, कारण वजिराला उंटाचा आधार आहे. एफ१ वर गेला तरी वजीर एच१ वर शह देतो, राजा ई२ वर पळतो आणि सी१चा पांढरा वजीर त्याच रांगेत उघडा पडून मारला जातो. म्हणून एच३. तेहतिसाव्या चालीला काळ्याचा हत्ती डी८ वरून डी४ वर आला. सी४च्या घोड्यावर हल्ला आणि चौथी आडवी रांग ताब्यात. घोडा ई३ वर.

आणि मग डावातली माझी सर्वांत आवडती चाल: ई४ वरचा वजीर मागे ई८ वर. मधल्या फळीत बसलेला वजीर शेवटच्या ओळीत परत. पण तो हलताच उंटाचा कर्ण जी२ पर्यंत मोकळा होतो आणि राजाचं परतीचं घर बंद होतं. शिवाय ई८ वरून वजीर एफ७, जी६ अशा तिरक्या वाटेने एच५ वर येऊ शकतो, आणि तिथे आला की मात: जी२ उंटाकडे, एच४ हत्ती आणि वजिराकडे, जी४ वजिराकडे. मागे जाणाऱ्या एका चालीत दोन मोहऱ्यांच्या वाटा एकदम उघडल्या. अशी चाल सापडणं कठीण असतं, कारण हल्ला करताना नजर पुढे लागलेली असते.

तोपालोवने जी४ करून एच५ला पहारा बसवला. आनंदने एच५ करून तो पहारा हलवायला घेतला, राजा एच४ वर चढला, जी५ने शह, एफ५च्या प्याद्याने आं पासां मारलं (शेजारून दोन घरं पुढे आलेलं प्यादं एकच घर आल्यासारखं मारणं), वजिराने जी६ वर परत घेतलं. अडतिसाव्या चालीला हत्तीने जी४ मारून शह दिला, राजा एच३ वर उतरला. तोपालोव सहज सुटला नाही आणि सहज हरलाही नाही. हत्ती एफ८ वर शह, घोडा एफ५ वर शह, जे हाताशी होतं ते सगळं त्याने वापरलं. पण कर्ण त्याला बंद करता आला नाही. वजीर जी४ वर, हत्ती ई२ वर, प्रत्येक चाल शहाची. राजा जी१ वर पोचल्यावर पंचेचाळिसाव्या चालीला हत्ती जी२ वर आला, ए८च्या उंटाच्या भरवशावर. राजाला तो मारता येत नव्हता. पांढऱ्याने वजिराने मारला आणि उंटाने ए८ वरून एका झेपेत जी२ वर येऊन वजीर घेतला.

अख्ख्या डावात या उंटाने मारलेलं हे एकमेव मोहरं. पुढच्याच चालीला राजाने त्याला मारलं. आनंदकडे वजीर उरला, तोपालोवकडे हत्ती आणि घोडा. पुढच्या नऊ चालींत पांढरा हत्ती आणि घोडा काळ्या राजाभोवती जाळं विणायचा प्रयत्न करत राहिले. पंचावन्नाव्या चालीला काळ्याच्या वजिराने बी२चं प्यादं शहासह घेतलं, छप्पन्नाव्या चालीला तो जी७ वर येऊन राजाजवळ उभा राहिला आणि एफ७च्या घोड्यावर रोखला. तोपालोवने डाव सोडला. साडेसहा विरुद्ध साडेपाच.